दिपोटींची तपासणी आणि शिष्यवृत्तीचा पेपर

जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन डी.एड.ला आम्हाला अभ्यासाला होतं. बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण, शेतकऱ्याच्या घामातून आलेला सरकारी पैसा वरच्या वर्गांच्या कॉलेजांवर खर्च होणं, एवढे मुद्दे पाठ केले की पेपरपुरतं भागायचं. पुढे सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी झाली. त्यातली बरीच वर्षं चौथीच्या शिष्यवृत्तीचे जादा तास घेण्यात गेली. त्या काळात ते निवेदन पुन्हा हाती आलं, आणि ज्यांच्याकडे आम्हाला कुणी बोटसुद्धा दाखवलं नव्हतं अशी दोन विधानं त्यात सापडली.

पहिलं असं, की शाळेला परीक्षेच्या निकालावर पैसे देण्याची रीत गरीब आणि अजून शिक्षणाची गोडी न लागलेल्या लोकांत चालायची नाही. दुसरं विधान सरकारी शिष्यवृत्त्यांबद्दलचं. चढाओढीने शिष्यवृत्त्या वाटणं वरवर न्यायाचं दिसत असलं, तरी ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांच्याच पदरात त्या पडतात. म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्यांच्यात शिक्षण पोचलेलंच नाही त्यांना द्याव्यात, अशी त्यांची मागणी होती. सरकारी शाळेत मूल घालणाऱ्या आईबापांनी परीक्षांबद्दल काही वाचायचं असेल, तर मी ही दोन विधानं आधी वाचायला देईन. पायाभूत चाचणी, संकलित चाचणी, राष्ट्रीय सर्वेक्षण, शिष्यवृत्ती, नवोदय अशी नावं वर्षभर कानावर येतात. त्यातली कुठली परीक्षा कुणाची आहे, हे समजायला मागचं माहीत असावं लागतं.

पंतोजींच्या शाळेत सगळ्या मुलांना एकच पेपर असा प्रकार नव्हता. धुळाक्षरं, पाढे, मोडी, हिशेब हे ज्याचं त्याच्या चालीने चाले. शाळा तपासायला बाहेरून माणूस आला तो इंग्रजी अमलात, सरकारचा पैसा शाळेत येऊ लागल्यावर. सरकारने दिलेल्या पैशाचं पुढे काय झालं हे पाहायला तो येई, आणि तेवढं रास्तच होतं. फुल्यांच्या शाळांनाही दक्षिणा निधीतून महिना ७५ रुपये मिळू लागले. मेजर कँडींनी त्या शाळा तपासल्या. नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा सत्कार केला आणि पुढच्या फेब्रुवारीत त्यांच्या शाळांतल्या मुलींची जाहीर परीक्षा झाली. ती पाहायला पुण्यात मोठी गर्दी लोटली होती. मुली शिकू शकतात की नाही, हा वाद ज्या शहरात चालू होता तिथे चारचौघांत मुलींनी उत्तरं देणं याला केवढी किंमत होती! जोतीराव आणि सावित्रीबाईंनी परीक्षेचा असा उपयोग करून घेतला होता. परीक्षेलाच त्यांचा विरोध असता तर १८८२ ची त्यांची तक्रार वेगळी झाली असती. त्यांचा आक्षेप पैसे कशाला बांधले जातात याला होता.

निकालावर पैसे देण्याची ही रीत आली इंग्लंडातून. १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांनी तिथल्या प्राथमिक शाळांसाठी नवी नियमावली लागू केली. इन्स्पेक्टर येणार, मुलामुलाची वाचन, लेखन आणि गणितात परीक्षा घेणार, आणि जो विषय मुलाला आला नाही त्याचे दोन शिलिंग आठ पेन्स शाळेच्या अनुदानातून कापणार. मास्तरांचा पगार त्यातूनच निघे. झालं ते कुणालाही सांगता आलं असतं. नेमलेलं वाचनपुस्तक मुलांकडून तोंडपाठ करून घेतलं जाऊ लागलं. कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा-इन्स्पेक्टर होते, त्यांनी या पद्धतीवर वर्षानुवर्षं टीका केली. १८९० च्या दशकात इंग्लंडने ती टाकून दिली. मधल्या काळात मुंबई इलाख्यातही खासगी शाळांना अनुदान देण्यासाठी ती वापरली गेली.

फुल्यांचं म्हणणं अगदी व्यवहारी होतं. ज्या वस्तीत कुणीच शाळेत गेलेलं नाही तिथे पहिली काही वर्षं मुलं येणार, सुगीला गळणार, पुन्हा येणार. निकाल लागणार कसा? आणि निकालावर पोट असलेला मास्तर त्या वस्तीत शाळा काढणार कशाला? तो जिथे मुलं घरून निम्मं शिकून येतात तिथेच जाणार. म्हणून अशा ठिकाणी सरकारनेच शाळा काढाव्यात, असं त्यांनी सांगितलं. माझ्या वाचनात तरी निकाल आणि पैसा यांच्या गाठीबद्दल इतक्या थोडक्यात आणि इतकं नेमकं दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही.

आमच्या खेडोपाडी ही तपासणी दिपोटी या नावाने लक्षात राहिली. डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर येणार म्हटलं की शाळा शेणाने सारवून निघायची, मुलांना आंघोळी घातल्या जायच्या, आणि मास्तर कालपासून एकच कविता घोकून घेत असायचे. माझे वडील सांगत, की दिपोटी निघून गेल्यावर मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघितलं की शाळेचं काय झालं ते मुलांना कळायचं. वडील व्हर्नाक्युलर फायनल झालेले. सातवीनंतरची ही परीक्षा म्हणजे मराठी मुलखातली पहिली खरी मोठी चाळणी. सगळ्यांना एकच पेपर, घरापासून लांब केंद्र, भाकरी बांधून चालत जायचं. फायनल पास झालेल्याला मास्तरकी मिळे, तलाठ्याचं काम मिळे. शेतकऱ्याच्या घरात पहिला पगार या एका परीक्षेने आणला अशी घरं माझ्या माहितीत पुष्कळ आहेत, त्यातलं एक माझंच. म्हणून परीक्षा या गोष्टीबद्दल मला राग नाही, कृतज्ञता आहे. एकसारखा पेपर हा जातीपातीच्या आणि ओळखीपाळखीच्या जगात गरिबाच्या हातातला मोठा आधार होता आणि आहे.

शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून सुरू झाली. चौथीला पूर्व माध्यमिक आणि सातवीला माध्यमिक. पुण्याची राज्य परीक्षा परिषद ती घेते. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीकडे आणण्याचा निर्णय शासनाने घेतला. दोन पेपर, दीडशे-दीडशे गुणांचे, दर पेपरला ७५ प्रश्न आणि दीड तास. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. रकमेचं म्हणाल तर वर्षानुवर्षं ती इतकी थोडी होती की वह्यांचासुद्धा खर्च निघत नसे. २०२३ मध्ये पाचवीसाठी वर्षाला ५००० आणि आठवीसाठी ७५०० रुपये झाली. पण पालक पैशासाठी मुलांना बसवत नव्हते. शाळेच्या फळ्यावर नाव लागतं, तालुक्यात सत्कार होतो, त्यासाठी बसवत. पुसेगाव, औरंगाबाद, अमरावतीच्या शासकीय विद्यानिकेतनांची वाटही याच परीक्षेतून जायची. आमच्या भागातल्या किती तरी कोरडवाहू घरांतली मुलं त्या वाटेने डॉक्टर, इंजिनीअर, अधिकारी झाली.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बुद्धिमत्तेच्या पेपरने. वर्गीकरण, समसंबंध, संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आरशातील प्रतिमा, वेन आकृत्या. पालकांना वाटतं, यात मुलाची उपजत अक्कल मोजली जाते. या प्रश्नांचा वंश मात्र वेगळंच सांगतो. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने यांनी पहिली चाचणी केली, ती वर्गात मागे पडणारी, ज्यांना जास्तीची मदत हवी अशी मुलं ओळखण्यासाठी. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सतरा लाखांवर जवानांना अशा चाचण्या दिल्या, समसंबंध आणि संख्यामालिका त्यातही होत्या. तिथून चाचणीचं काम बदललं, पुढे असलेल्यांना निवडायला ती वापरली जाऊ लागली. आपल्याकडे मुंबई इलाख्यात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० मध्ये आलं. बिने-कामत चाचणी आजही मुलाला विशेष मदतीची गरज आहे का हे पाहायला वापरतात, म्हणजे बिनेच्या मूळ कामालाच. शिष्यवृत्तीचा पेपर दुसऱ्या वाटेवरचा. आणि त्या पेपरमधले प्रश्न शिकवता येतात. वर्गीकरणाचे प्रश्न पहिल्या दिवशी एकालाही न सुटलेला वर्ग दिवाळीपर्यंत ते भराभर सोडवतो, हे मी दर वर्षी पाहत आले. मुलाची अक्कल चार महिन्यांत वाढलेली नसते. त्याला कुणीतरी संध्याकाळी शाळेत थांबवून घेतलेलं असतं. म्हणून कमी गुण पडलेल्या मुलाच्या आईला मी सांगत असे, की बाई, याच्या डोक्याबद्दल या कागदावर काही लिहिलेलं नाही, याला सराव किती मिळाला तेवढंच लिहिलंय.

आता सर्वेक्षणांबद्दल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरवलं, आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, जून २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र. त्यासोबत राज्यभर एकच पेपर असलेल्या पायाभूत चाचण्या सुरू झाल्या. देशपातळीवर नोव्हेंबर २०१७ आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं. ४ डिसेंबर २०२४ चं सर्वेक्षण ‘परख’ या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राने घेतलं, इयत्ता तिसरी, सहावी आणि नववीसाठी. या सर्वेक्षणात काही शाळा निवडतात, त्यातली काही मुलं निवडतात, आणि निकाल जिल्ह्याचा, राज्याचा लागतो. मुलाच्या नावाने गुणपत्रक येतच नाही. ही सरकारने स्वतःची घेतलेली परीक्षा आहे. तरीही सर्वेक्षणाच्या आधी मुलांना सराव पेपर दिले जातात, त्यादिवशी अमका घरी राहिला तर बरं असं कुणाच्या तरी तोंडून निघतं. केंद्रप्रमुखाला, गटशिक्षणाधिकाऱ्याला तालुक्याचा आकडा दाखवायचा असतो, आणि दिपोटीच्या दिवसाची भीती जशीच्या तशी वर्गात येते. अशा सर्वेक्षणात आपलं मूल आलं तर पालकांनी त्याला एवढंच सांगावं: जे येतंय ते लिही, येत नसेल ते सोड. येत नाही हे कळणं हाच त्या कागदाचा उपयोग आहे. तिथे उत्तर सांगितलं गेलं, तर पुढच्या वर्षी ज्या शाळेत शिक्षक हवा तिथे तो पोचणार नाही. पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेचं मात्र वेगळं. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३-२४ पासून ती घेतली. तिचा निकाल मुलाच्याच नावाने लागतो, पुन्हा परीक्षेची संधीही असते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

शिष्यवृत्तीकडे परत येते, कारण माझा जीव तिथेच अडकला आहे. एका शाळेत मी रुजू झाले तेव्हा शिष्यवृत्तीला बसणाऱ्यांची यादी आधीच तयार होती. चौथीचा पट तिसाच्या आसपास, यादीत सात नावं. शंभर टक्के निकालाची परंपरा होती ती अशी. पालकसभेत टाळ्या पडत, आणि ज्यांची मुलं यादीत नव्हती ते आईबापही टाळ्या वाजवत. म्हणून पालकांना माझं सांगणं असतं, किती मुलं गुणवत्ता यादीत आली हे विचारू नका, वर्गातली किती बसली आणि जादा तासाला किती थांबली ते विचारा. यादी लहान असेल तर पालकसभेच्या इतिवृत्तात तो प्रश्न लिहून घ्यायला लावा. शाळा व्यवस्थापन समितीत तुमची माणसं असतात, त्यांना तो अधिकार आहे.

आणि काही मुलांचं नाव कुठल्याच यादीत नसतं. माण-खटावकडची, बीडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास फडावर जातात. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे ते याच दिवसांत, आणि पेपर वर्षानुवर्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऊस अजून तुटत असताना. गावी आजीपाशी राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, तिथे जेवणाची सोय होते. माझी मागणी एवढीच आहे की तिथे संध्याकाळी शिष्यवृत्तीचा जादा तासही व्हावा, त्या मुलांचे अर्ज शाळेने ते गाव सोडायच्या आधी भरून घ्यावेत, आणि फुल्यांनी १८८२ मध्ये मागितला होता तसा शिष्यवृत्तीतला काही वाटा या मुलांच्या नावाने बाजूला काढावा.