इनामगावची ताम्रपाषाणयुगीन घरे

महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांची मातीची घरे. इनामगाव हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी वसलेले गाव. तेथील प्राचीन वसाहतीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांची नावे या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. येथे १३० हून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले. वसाहतीचे तीन कालखंड मानतात : माळवा (सु. इ.स.पू. १६००–१४००), पूर्व जोर्वे (सु. इ.स.पू. १४००–१०००) आणि उत्तर जोर्वे (सु. इ.स.पू. १०००–७००). जोर्वे हे नाव संगमनेर तालुक्यातील गावावरून पडले. ही संस्कृती प्रथम तेथे ओळखली गेली.

महाराष्ट्राच्या वास्तुकलेचा इतिहास बहुधा लेण्यांपासून सांगायला घेतात. भाज्याचे चैत्यगृह इ.स.पू. दुसऱ्या शतकातले. त्याच्या छताला लाकडी फासळ्या आहेत, म्हणजे कातळ कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाकडी इमारतच होती. माती, लाकूड आणि गवत यांची ती परंपरा किती मागे जाते, हे इनामगावने दाखवले. म्हणून या प्रांताच्या वास्तुकलेचे पहिले प्रकरण येथून सुरू व्हायला हवे.

उत्खननात घर सापडते, तेव्हा भिंती उभ्या नसतात. खुरपीने आणि ब्रशने थर हलक्या हाताने काढत गेले की एका पातळीवर चोपलेली, टणक जमीन लागते. तिच्या कडेने अंतराअंतरावर वाटोळे डाग दिसतात. डागातली माती भोवतालच्या मातीहून वेगळ्या रंगाची आणि भुसभुशीत असते. तेथे कधी काळी मेढ पुरलेली होती. लाकूड कुजून गेले आणि त्या पोकळीत वरची माती हळूहळू भरत गेली. ती सैल माती उकरली की मेढीचा खड्डा जसाच्या तसा हाती येतो, त्याचा घेर आणि खोली मोजता येते. असे खड्डे एकमेकांना जोडत गेले की घराचा आराखडा जमिनीवर उमटतो. घराला आग लागलेली असेल, तर कुडाचे लिंपण भाजून विटेसारखे पक्के होते. त्या ढेकळांवर कामट्यांचे ठसे राहतात. घरमालकाचे नुकसान तीन हजार वर्षांनी अभ्यासकाचा पुरावा ठरते.

माळवा काळातील घरे ऐसपैस आणि आयताकृती होती, काही सुमारे ७ मी. लांब आणि ५ मी. रुंद. खाली हातभर किंवा त्याहून कमी उंचीची मातीची भिंत, तिच्यावर कूड, आतून बाहेरून मातीचे लिंपण, वर गवताने शाकारलेले उतरते छप्पर. पुष्कळ घरांत मध्ये आडभिंत घालून दोन खोल्या केलेल्या असत. जमीन चोपून सारवलेली, आत चूल आणि धान्य साठवायची सोय. याच काळात जमिनीत खड्डा खणून वर छप्पर घातलेली घरेही आढळतात. बांधणीचे सगळे सामान नदीकाठी आणि आसपासच्या रानात मिळणारे. मेढ, वासे, कूड, शाकारणी, सारवण हे शब्द परवापरवापर्यंत आपल्या गावांत रोजच्या बोलण्यात होते. त्यांच्यामागची कृती या घरांत जशीच्या तशी दिसते.

पूर्व जोर्वे काळात वसाहतीला शिस्त आली. घरे आयताकृतीच राहिली, पण ती साधारणपणे ओळीने बांधली गेली आणि दोन घरांमध्ये सुमारे दीड मीटरची बोळ सोडलेली दिसते. कुंभार, सोनार, चुना भाजणारे आणि हस्तिदंताचे काम करणारे कारागीर वस्तीच्या पश्चिम कडेला राहत. सधन शेतकऱ्यांची घरे मध्यभागी. पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले. ते वसाहतीच्या प्रमुखाचे असावे, असे मानतात. त्याला लागूनच कोठार होते. कोठारात पेवे होती आणि कणग्या ठेवण्यासाठी केलेले मातीचे वाटोळे ओटेही. सातू हे मुख्य पीक; गहू, मसूर, कुळीथ ही पिकेही घेतली जात. पुराचे पाणी अडवणारा दगडमातीचा बांध आणि शेताला पाणी नेणारा सुमारे २०० मीटर लांबीचा पाटही या काळातला आहे. धान्याचा साठा आणि पाट या दोन्ही गोष्टी एका कुटुंबाच्या आवाक्यातल्या नाहीत. प्रमुखाचे घर कोठाराला खेटून का होते, याचे उत्तर मला त्यातच दिसते.

या घरांत जिवंत माणसांबरोबर मृतही राहत. मूल दगावले की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत, त्यांत त्याचा देह ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला खड्ड्यात उताणे, उत्तरेकडे डोके करून निजवीत; पण त्याची पावले घोट्यापासून तोडलेली असत. मृताने घर सोडून जाऊ नये, हा त्यामागचा हेतू असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात कच्च्या मातीचा, चार पायांचा, फुगीर पोटाचा मोठा रांजण मिळाला. त्यात सुमारे चाळिशीच्या पुरुषाचा सांगाडा बसलेल्या स्थितीत होता आणि त्याची पावले शाबूत होती. दुसऱ्या एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी पुरलेली होती. तिच्याबरोबर कच्च्या मातीची शीर नसलेली स्त्रीमूर्ती आणि बैल. देवी, पूर्वज आणि दगावलेली मुले अशी सगळी त्या सारवलेल्या जमिनीखाली होती. निवारा एवढ्या एका शब्दात हे घर मावत नाही.

इ.स.पू. १००० च्या सुमारास चित्र पालटते. मोठी आयताकृती घरे जाऊन त्यांच्या जागी लहान, वाटोळ्या झोपड्या येतात. त्यांचा व्यास साधारण तीन मीटर. तीन-चार झोपड्यांचा एकेक घोळका. पाऊसमान घटले, शेती पडली आणि लोक शेळ्या-मेंढ्या घेऊन वर्षातला काही काळ भटकू लागले, असा ढवळीकरांचा निष्कर्ष आहे. आजच्या पारधी समाजाच्या वाटोळ्या झोपड्यांशी त्यांनी या घरांची तुलना केली. हवामानाचा वाटा नेमका किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी एक गोष्ट घरांवरूनच स्पष्ट होते : वाटोळी झोपडी ही अडाणीपणाची खूण नाही. ज्यांच्या बापजाद्यांनी चौकोनी घरे ओळीने बांधली, त्याच वस्तीतली ही माणसे. वाटोळ्या घराला लाकूड कमी लागते, वारा त्याला बगल देऊन जातो आणि मोडून गेले तरी थोड्या दिवसांत पुन्हा उभे करता येते. हाती जेवढे उरले त्यात कुटुंब सावरून धरण्याचे हे शहाणपण आहे. वास्तुकला साध्या घराकडून मोठ्या घराकडे चढतच जाते, हा समज इनामगावने खोटा ठरवला. इ.स.पू. ७०० च्या सुमारास ही वस्तीही उठली.

मराठीत गावठाणाला पांढर आणि शेताला काळी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती साचून वस्तीची जागा पांढुरकी होते. प्राचीन वसाहतींची टेकाडे याच मातीची असतात. ही माती धाब्याला आणि भिंतींना चांगली म्हणून लोक ती पूर्वीपासून नेत आले, आता ती यंत्राने उपसली जाते. तुमच्या गावच्या पांढरीत तांबड्या रंगाचे, वर काळ्या रेघांची नक्षी असलेले आणि टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारे खापर दिसले, तर ते जोर्वे काळाचे असू शकते. ते उचलू नका, जागा लक्षात ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. मेढीचा खड्डा एकदा उकरला गेला की ते घर पुन्हा सापडत नाही.