हॅम्बर्गर : खिमा, पाव आणि हिरवी चटणी

दिमोनात पहिल्यांदा हॅम्बर्गर खाल्ला तेव्हा मी म्हटलं, हा तर खिमापावच! तसं नाही हो. आपल्या खिम्यात कांदा, आलं-लसूण, मसाला. यात नुसतं गाईचं मांस, आणि त्यात पाचवा हिस्सा चरबी हवीच. नाहीतर चोथा चावल्यासारखं लागतं, आपल्या दातांना ते झेपायचं नाही. खिमा मळू नये, हलक्या हाताने बोटभर जाड थापावा, मध्ये अंगठ्याने खळगा करावा, म्हणजे फुगत नाही. कोशेर मांस आधीच मीठ लावून धुतलेलं असतं, म्हणून मीठ जपून, तेही तव्यावर टाकताना. आतून ७१ अंश सेल्सिअस तापला पाहिजे. गुलाबी ठेवायची आजची फॅशन आहे, पण दळताना मांसावरचे जंतू आत जातात. या वयात तो धोका कशाला?

चीज अर्थात नाही. पावसुद्धा परवे आहे ना, ते वाचून घ्या. ब्रिओशमध्ये बहुधा लोणी असतं. नातवंडं तेहिना लावतात. मी ओल्या नारळाची हिरवी चटणी लावते, वर कांद्याची कचुंबर. मटणाच्या रश्श्यात दुधादह्याऐवजी नारळ घालणारी माणसं आपण, चीजवाचून काय अडणार?

अडतं ते नंतरच्या चहापाशी. तो कोराच प्यावा लागतो.