‘टेरी’ कुणाचा?



इतिहासावर बोला, असे चिटणीसांनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात एखादा संप असावा. मी मात्र एका चित्रकाराची हकीगत घेऊन आलो आहे. विषय बदलला असे मला तरी वाटत नाही.

मिल्टन कॅनिफ १९०७ साली अमेरिकेतील ओहायो प्रांतात जन्मला. वर्तमानपत्रांतील साहसाच्या चित्रमालिका काढण्यात त्याची पन्नासांहून अधिक वर्षे गेली. त्याची ‘टेरी अँड द पायरेट्स’ ही मालिका २२ ऑक्टोबर १९३४ रोजी सुरू झाली. कथा चीनच्या किनाऱ्यावरच्या चाच्यांची, आणि या गृहस्थाने तोवर चीन पाहिलेलाच नव्हता! ग्रंथालयांतली पुस्तके आणि चित्रे चाळून त्याने तो देश उभा केला. शाळा अर्धी सोडून वाचनालयात शिकलेल्या माझ्यासारख्याला याचे कौतुक वाटणारच. पण त्यातला चिनी नोकर पाहिला, की ते कौतुक जरा थबकते. पुढे आलेले दात, मोडके बोलणे. ती नक्कल त्या काळच्या गोऱ्या माणसाच्या नजरेतूनच उतरली होती.

कामाचे स्वरूप ध्यानात घ्या. रोज तीन-चार चौकटी, रविवारी रंगीत पान. पहिल्या चौकटीत कालचा दुवा जोडायचा आणि शेवटच्या चौकटीत उद्याची हुरहुर लावायची. या कामाला खाडा नाही. नोएल सिकल्स या मित्राबरोबर त्याची कामाची जागा एकच होती. त्याच्याकडून कॅनिफने कुंचल्याने काळ्या शाईच्या दाट सावल्या टाकण्याची रीत उचलली. बारीक रेघोट्यांपेक्षा ती वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर ठसठशीत उमटे. १९४१ च्या ऑक्टोबरात त्याने रेव्हन शर्मन या नायिकेचा मृत्यू दाखवला, तेव्हा वाचकांनी शोकाची पत्रे धाडली, फुलेदेखील पाठवली.

आणि एवढे करून ‘टेरी’ त्याचा नव्हताच. मालिकेचे सारे हक्क वितरण करणाऱ्या सिंडिकेटचे. मी कारखान्यात असताना एका फिटरने डोके चालवून यंत्राला नवी सोय बसवली. त्याला स्टीलचा डबा बक्षीस मिळाला. कॅनिफचा डबा बराच मोठा होता, एवढाच फरक. मार्शल फील्ड या वृत्तपत्रमालकाने त्याला नव्या मालिकेची मालकीच देऊ केली, तेव्हा त्याने होकार दिला. तरी जुन्या करारापायी १९४६ अखेरपर्यंत त्याला ‘टेरी’ काढावाच लागला. तो सुटला, आणि जॉर्ज वुंडर याने तीच मालिका १९७३ पर्यंत चालवली.

१३ जानेवारी १९४७ रोजी ‘स्टीव्ह कॅनियन’ आली. एकही चौकट पाहण्याआधी अनेक पत्रांनी ती घेतली होती. पुढे नायक विमानदलात गेला. व्हिएतनामच्या युद्धात कॅनिफ सरकारच्या बाजूने उभा राहिला, आणि वाचक दुरावले.

आता एक गोष्ट, जी मला जास्त टोचते. १९५० नंतरच्या दशकापासून या मालिकेतले बरेचसे रेखाटन डिक रॉकवेल हा मदतनीस करी. खाली सही असे ती कॅनिफची. स्वतःच्या हक्कासाठी चालती मालिका सोडणाऱ्या माणसाला हे कसे चालले, हा प्रश्न मी त्याचा चाहता म्हणूनच विचारतो.

३ एप्रिल १९८८ रोजी कॅनिफ वारला. जूनमध्ये ‘स्टीव्ह कॅनियन’ थांबली. ती पुढे चालवायला या वेळी कोणालाही नेमले गेले नाही, रॉकवेललाही नाही.