देखणं की चालणारं? मुलांच्या खेळातल्या अवकाशयानांची गोष्ट

आजची पोस्ट जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुट्टी लागली की आपल्यापैकी कोणीतरी विचारतंच: "मुलगा चार-चार तास त्या स्पेसशिपच्या गेमसमोर बसतो, काय करू?" उत्तरं दोनच येतात. 'बंद करा', नाहीतर 'जाऊ दे, हल्ली सगळेच खेळतात'. तो तिथे नेमकं काय करतोय, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून मी या खेळांचा इतिहास चाळला, तर तो एका जुन्या भांडणाचा निघाला: यान देखणं हवं की चालणारं?

सुरुवात मेक्सिको सिटीत होते. तिथे स्क्वाड नावाची कंपनी होती, कामं मुख्यतः जाहिरात-मार्केटिंगची. गेम बनवणं हा तिचा धंदाच नव्हता. तिथे फेलिपे फलांगे नावाचा एक ब्राझिलियन प्रोग्रामर होता. लहानपणी तो फटाक्यांच्या रॉकेटला चंदेरी कागदाची छोटी माणसं बांधून उडवायचा आणि त्या माणसांना 'कर्बल' म्हणायचा. मोठेपणी गेम बनवायचा म्हणून तो नोकरी सोडायला निघाला, तेव्हा मालक म्हणाले, इथेच बनव की. त्यातून २४ जून २०११ रोजी 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'ची पहिली आवृत्ती लोकांच्या हातात आली. टाक्या, इंजिनं, पंख असे सुटे भाग घ्या, जोडा आणि उडवा. त्या आवृत्तीत चंद्रसुद्धा नव्हता. तो त्याच वर्षी, पण नंतर आला.

यातली पृथ्वी (तिचं नाव 'कर्बिन') आपल्या पृथ्वीच्या साधारण एक दशांश त्रिज्येची आहे, फक्त ६०० किलोमीटर. त्यामुळे कक्षेत जायला सेकंदाला सव्वादोन किलोमीटरच्या आसपास वेग पुरतो. खऱ्या पृथ्वीभोवती जवळजवळ आठ लागतो. म्हणजे मुलांना झेपेल अशी सवलत दिली, पण नियम न्यूटनचेच ठेवले. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

आता गंमत बघा. सुरुवातीची जवळजवळ चार वर्षं या खेळातली हवा चुकीची होती. हवेचा विरोध भागाच्या आकारावर नव्हे, तर त्याच्या वजनावर मोजला जायचा. रॉकेटला वर निमुळती टोपी लावली, की वजन वाढायचं आणि वजनाबरोबर हवेचा विरोधही वाढायचा! म्हणजे रॉकेट जितकं सुबक करावं तितकं ते रडायचं. बोडकं, रुंद, थाळीपिठासारखं पसरट रॉकेट मात्र झकास वर जायचं.

या पसरट रॉकेटांमागची युक्ती तर फारच हुशारीची होती. मधल्या टाकीभोवती जोडी-जोडीने टाक्या लावायच्या, प्रत्येकीखाली इंजिन. सगळी इंजिनं एकदमच पेटवायची, पण नळ्या अशा जोडायच्या की आधी फक्त बाहेरच्या जोडीतलं इंधन संपेल. ती रिकामी झाली की टाकून द्यायची, मग पुढची जोडी. मधली टाकी शेवटपर्यंत भरलेली राहते आणि रिकामं वजन कोणी वाहून नेत नाही. इंग्रजीत याला शतावरीच्या कोंबांच्या जुडीवरून नाव पडलंय. कल्पना खऱ्या अभियंत्यांची, गेमच्या आधीची. स्पेसएक्सच्या फाल्कन हेवीमध्येसुद्धा बाजूच्या रॉकेटांतून मधल्याला इंधन द्यायचा बेत होता, पण तो सोडून दिला गेला. जे प्रत्यक्षात अवघड म्हणून राहिलं, ते शाळकरी पोरं शनिवारी दुपारी करत होती.

२७ एप्रिल २०१५ ला १.० आवृत्ती आली आणि हवा बदलली. आता आकार मोजला जाऊ लागला. टोप्या कामाच्या झाल्या, उपग्रहाभोवती लावायची कवचं आली, वेगात वातावरणात शिरलं तर यान तापून फुटू लागलं. थाळीपिठं एका रात्रीत निकालात निघाली आणि सडपातळ, खऱ्यासारखी दिसणारी रॉकेटं जिंकू लागली. ती सुंदर दिसावीत म्हणून कोणी नियम केला नव्हता. हवा खरी झाली आणि सुबकपणा तिच्यामागून आपसूक आला. या सगळ्या इतिहासातला मला सगळ्यात आवडणारा दिवस हाच.

पण हे झालं हवेतलं. हवेच्या बाहेर काय? तिथे निमुळतं असून उपयोग शून्य, आणि हे मोठ्यांनाही पचायला जड गेलंय. १९५२ मध्ये वेर्नर फॉन ब्राउन यांनी 'कॉलियर्स' साप्ताहिकात चंद्रावर जायच्या यानाची कल्पना मांडली. त्यातलं यान म्हणजे सांगाड्यात अडकवलेल्या टाक्या, सुबकपणाचं नाव नाही. पुढे १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या सिनेमातल्या 'डिस्कव्हरी' यानाला अणुभट्टीची उष्णता बाहेर टाकायला मोठे रेडिएटर हवे होते. ते काढून टाकले, कारण प्रेक्षकांना ते पंख वाटले असते आणि अवकाशात पंख कशाला, असा प्रश्न पडला असता. शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असलेली गोष्ट, ती चुकीची दिसेल म्हणून काढली!

अपोलोच्या चांद्रयानाला प्रेक्षकांची भीती नव्हती. ग्रमन कंपनीने ते बांधलं तेव्हा वजनाशी किलो-किलोने झगडा होता. खुर्च्या काढल्या, अंतराळवीर उभेच राहिले. उभं राहिल्यावर डोळे काचेजवळ आले, म्हणून मोठ्या खिडक्यांची गरज संपली आणि छोट्या तिकोनी खिडक्या पुरल्या. काही ठिकाणी पत्रा अवघा ०.३ मिलिमीटर. ते फक्त हवा नसलेल्या जागी उडणार होतं, त्यामुळे ते कोळ्यासारखं दिसलं तरी चाललं. मार्च १९६९ मध्ये अपोलो ९ ने त्याची माणसांसह पहिली चाचणी घेतली, तेव्हा त्याचं नावच 'स्पायडर' होतं.

मुलांच्या डोक्यातलं यान मात्र या कोळ्यावरून आलेलं नाही. ते १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधून आलंय. तिथे मॉडेल करणारे कारागीर रणगाड्यांच्या, विमानांच्या खेळण्यातल्या किटचे बारीक भाग यानाच्या अंगावर चिकटवायचे. काम काहीच नाही, पण डोळ्याला वाटतं की हे यंत्र प्रचंड आहे आणि खरं आहे. पुढच्याच वर्षी लेगोची अवकाश मालिका आली आणि ही हौस घराघरांत पोचली. लेगोचं यान हातात धरूनच उडतं, त्यामुळे ते उलटायची भीती नाही. आपण दिवाळीत किल्ला करायचो, त्यावर अळीव पेरायचो, मावळे मांडायचो. निदान तिथे मातीला पाणी कमी पडलं तर बुरूज ढासळायचा तरी.

ही हौस आणि भौतिकशास्त्र पुन्हा समोरासमोर आली ती प्रागमधल्या कीन सॉफ्टवेअर हाउसच्या 'स्पेस इंजिनिअर्स'मध्ये. ऑक्टोबर २०१३ मध्ये तो अर्धवट अवस्थेत विक्रीला आला, पूर्ण व्हायला फेब्रुवारी २०१९ उजाडला. इथे मोठं यान अडीच मीटरच्या ठोकळ्यांचं. अवकाशात हवेचा विरोध नाही, म्हणून सगळ्यात सोयीचं यान म्हणजे सरळसोट खोकं. आणि हे खोकं कोणालाच आवडत नाही! मग पोरं त्याला उतार लावतात, कडा तासतात, चिलखत चढवतात. प्रत्येक सजावटीचं वजन असतं, वजन वाढलं की इंजिनं वाढतात, इंजिनांना वीज लागते. शिवाय इंजिनं सहाही दिशांना हवीत. मागे रेटणारी विसरलात तर यान थांबणारच नाही. आणि इंजिनाच्या ज्वाळेसमोर स्वतःचाच ठोकळा आला, तर तो जळतो. मुरलेले खेळाडू आधी इंजिनं, टाक्या, नळ्या मांडतात आणि कातडं शेवटी चढवतात. ते भाग लपवत बसण्यापेक्षा तेच दिसण्याचा भाग कसे होतील, हे बघतात.

आमच्याकडे लेक बारा वर्षांची. मध्यंतरी तिने कर्बलमध्ये राजहंसासारखं रॉकेट केलं, मोठे पंख वरच्या टोकाला. उडालं आणि लगेच कोलांटी. तिने चार वेळा इंजिन बदललं, चारही वेळा कोलांटी. बांधणीच्या पडद्यावर एक पिवळा गोळा गुरुत्वमध्य दाखवतो आणि निळा गोळा हवा जिथे धरते ती जागा. निळा पिवळ्याच्या वर गेला होता. मी एवढंच विचारलं, "बाणाला पिसं कुठे असतात गं?" "शेपटाला." मग गप्प. पंख खाली गेले, रॉकेट वर गेलं, आणि दिसायलाही आधीपेक्षा बरं झालं, असं तीच म्हणाली.

हे संभाषण मराठीत झालं, हे मुद्दाम सांगते. आपल्या मुलांना घरी मराठीत बोलायला विषय म्हणजे जेवलास का, आंघोळ झाली का. गुरुत्वमध्य, कक्षा, रेटा, टप्पा हे शब्द ती इथल्या शाळेत ऐकणार नाहीत, पण समोर उलटलेलं रॉकेट असेल तर दोन मिनिटांत उचलतात. त्यासाठी आपल्याला गेम खेळता यायची गरज नाही. 'हे इथे का लावलंस?' एवढं विचारता आलं तरी पुरतं. ते उत्तर देतात, आणि लांबलचक देतात.

वेळेचं बंधन आमच्या घरीही आहे, त्यावर वाद नाही. फक्त आता 'बंद कर' म्हणायच्या आधी यान कक्षेत आहे का, ते बघते. मधेच बंद करायला लावलं तर चिडचीड होणारच, उतरवून झाल्यावर लॅपटॉप बिनबोभाट मिटतो.

तुमच्या घरच्या यानांचे फोटो कमेंटमध्ये टाका. उलटलेली आधी.