सिडनीचा एक खटला आणि आपली 'डोळे मिचकावा' केवायसी

२००० च्या सिडनी ऑलिम्पिकचं नाव काढलं की आपल्याला कर्णम मल्लेश्वरीचं ब्राँझ आठवतं. पण त्याच ऑलिम्पिकच्या वेबसाइटवरून एक खटला झाला होता, तो फारसा कुणाला माहीत नाही. त्याचा संबंध थेट आपल्या मोबाइलवरच्या केवायसीशी आहे, म्हणून आज तो सांगतो.

ब्रूस मॅग्वायर जन्मापासून अंध. कॉम्प्युटरवरचा मजकूर बोटांखाली ब्रेलमध्ये उमटवणारं यंत्र ते वापरायचे. पण असं यंत्र फक्त अक्षरं वाचतं, चित्र नाही. चित्रामागे चार शब्द लिहिले असतील तर ते कळतात, नाहीतर काहीच नाही. ऑलिम्पिकच्या साइटवर नेमकी हीच बोंब होती. शेवटी जून १९९९ मध्ये त्यांनी तिथल्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली.

आयोजकांचं उत्तर ओळखीचं वाटेल. म्हणे, फार खर्चाचं काम आहे, एका माणसाला ३६८ दिवस लागतील! तज्ज्ञांनी सांगितलं, छोटी टीम लावा, चार आठवड्यांत होईल. २४ ऑगस्ट २००० ला आयोगाने आदेश दिला: १५ सप्टेंबरला स्पर्धा सुरू होण्याआधी साइट दुरुस्त करा. आयोजकांनी ते अर्धवटच केलं. नोव्हेंबरमध्ये २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. स्पर्धा मात्र तोवर संपून गेल्या होत्या.

आता आपल्याकडे या. १९९५ च्या अपंग कायद्याच्या वेळी वेबसाइट हा विषयच नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो आला. कलम ४२ म्हणतं, इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूरही दिव्यांगांना वापरता येईल असा असावा, हे सरकारने बघावं. कागदावर छान. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की नियमांत नुसत्या शिफारशी चालणार नाहीत, सक्तीचे निकष हवेत.

आणि मग ३० एप्रिल २०२५ चा निकाल. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन कोर्टात गेले होते. केवायसीचं ॲप सांगतं, 'डोळे मिचकावा'. ज्यांच्या पापण्याच ॲसिडने गेल्या, त्यांनी काय मिचकावायचं? ज्याला दिसत नाही, त्याने चेहरा चौकटीत कसा बसवायचा? खातं नाही तर अनुदान नाही, सिमकार्डही नाही. कोर्टाने स्पष्ट म्हटलं, डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि २० निर्देश दिले.

सिडनी असो की दिल्ली, ज्याची अडवणूक झाली त्यालाच दार ठोठवावं लागलं. सुरुवातीलाच केलं असतं तर काम किरकोळ होतं.

आपल्या गावातलंच बघा ना. पाणीपुरवठ्याची सूचना कागदाचा तिरपा फोटो काढून टाकलेली, शिष्यवृत्तीची यादी स्कॅन केलेली. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या मुलाला ते वाचून दाखवायला दुसरं कुणीतरी लागतं. तेव्हा पुढच्या वेळी अशी सूचना दिसली की त्या कार्यालयाला दोन ओळींचा अर्ज द्या: मजकूर टाइप करून टाका, कलम ४२. आणि आपण स्वतः ग्रुपवर पत्रिका, नोटीस टाकतो तेव्हा फोटोखाली चार ओळी लिहूयात. त्याला कोर्टाचा आदेश कशाला हवा?