सौदा, मालीखोलिया आणि मिरजेचे मामू

उर्दूच्या तासाला 'सौदाई' हा शब्द आला की मुलांना बाजारातला सौदा आठवतो. मग मी सांगतो, हा सौदा वेगळा. अरबीत सौदा म्हणजे काळं. युनानी वैद्यकातलं काळं पित्त. ते वाढलं की माणूस खचतो, भ्रमिष्ट होतो. हकीम त्याला मालीखोलिया म्हणत. ग्रीकांचा मेलँकोलिया तोच.

हे सांगताना मला मिरजेचे मामू आठवतात.

वर्षातले काही आठवडे मामू झोपायचेच नाहीत. रात्री दोनला दुकानाचे हिशेब, उधारीवर माल, मध्येच न कळवता साताऱ्याला अम्मीकडे येऊन अख्ख्या मोहल्ल्याला दावत. नानी म्हणायची, असर झालाय. गुरुवारी मीरासाहेबांच्या दर्ग्यावर घेऊन जायची. पुढे तेच मामू तीन-तीन महिने गोधडीत तोंड घालून पडायचे. तेव्हा कुणी कुठे नेलं नाही. तेव्हा ते आळशी होते.

एका आजाराला घरानं दोन नावं दिली होती, आणि त्यातलं एक तर आजाराचं नव्हतंच.

इंग्रजी अमलातल्या वेड्यांच्या इस्पितळांनी तरी काय वेगळं केलं? रत्नागिरीचं इस्पितळ १८८६ चं. तेव्हाच्या सरकारी अहवालांत मॅनिया आणि मेलँकोलिया हे स्वतंत्र रकाने असत. कारणाच्या रकान्यात गांजा सर्रास. १८९३-९४ च्या गांजा चौकशी आयोगानं खोलात जाऊन पाहिलं, तर ही कारणं बऱ्याचदा पोलिसांच्या कागदावरून, चौकशी न करताच उतरवलेली निघाली.

१८९९ मध्ये जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी ते दोन रकाने एक केले. आज रोगी कसा दिसतो यापेक्षा त्याची वर्षं कशी गेली ते पाहा, हा त्यांचा आग्रह. खरं तर इब्न सीना यांनी 'अल-क़ानून'मध्ये मालीखोलिया आणि मानिया यांचं नातं आठ-नऊशे वर्षं आधीच जोडलं होतं. १९५७ मध्ये कार्ल लिओनहार्ड यांनी पुन्हा फाळणी केली: नुसती उदासी वेगळी, चढ-उतार वेगळा. अमेरिकेच्या १९८० च्या डीएसएमनं ती स्वीकारली, २०१३ मध्ये तर दोघांची प्रकरणंच वेगळी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत मात्र दोन्ही एकाच छपराखाली आहेत. वाद मिटलेला नाही.

मी क्रेपेलिनच्या बाजूचा. मामूंना सांगलीत डॉक्टरांकडे नेलं ते पडून असताना. त्यांना दिसला उदास माणूस. आधीचे जागरणाचे आठवडे त्यांनी विचारले नाहीत, आम्हीही सांगितले नाहीत. तो तर 'असर' होता ना! नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात मामूंनी नानीचे दागिने गहाण टाकून टेम्पो आणला.

दुसऱ्या डॉक्टरांनी अम्मीला समोर बसवून मागच्या दहा वर्षांचं विचारलं. रमजान कसा गेला, लग्नात कसे होते, कर्ज कधी काढलं. मग लिथियम दिलं. १९४९ पासून वापरात असलेलं, स्वस्त औषध.

टेम्पो विकला. दागिने अजून सगळे सुटलेले नाहीत. मामू दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला जातात, आणि येताना नानीसाठी दर्ग्यावर थांबतात.