लिंबू, खलाशी आणि आयसीयू

आमच्या घरात सर्दी झाली की आवळा आणि ऊन लागलं की लिंबाचं सरबत. त्यामुळे 'क' जीवनसत्त्वावर माझा जीव आहे, हे आधीच सांगून टाकते. पण आजची गोष्ट त्याच्या पराभवाची आहे.

सुरुवात मात्र विजयाने. मे १७४७. 'सॅलिसबरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या डॉक्टरने स्कर्व्हीने खंगलेले १२ खलाशी घेतले आणि दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला संत्री-लिंबं, एकीला सायडर, एकीला चक्क समुद्राचं पाणी! सहा दिवसांत संत्री संपली, पण तोवर ती खाणाऱ्या दोघांतला एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला होता. मला यात कौतुक वाटतं ते मांडणीचं. सगळे एकाच वेळी, एकाच जहाजावर, बाकीचं जेवणही सारखंच.

आता येऊ २०१६ मध्ये. सेप्सिसमध्ये जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटतं. अशा रुग्णांच्या रक्तात 'क' जीवनसत्त्व फार घटलेलं असतं. म्हणून अमेरिकेत नॉरफोकला डॉ. पॉल मॅरिक यांनी ते शिरेतून द्यायला सुरुवात केली. दर सहा तासांनी दीड ग्रॅम, सोबत हायड्रोकॉर्टिसोन आणि थायमिन. ४७ रुग्णांपैकी ४ दगावले. आधीच्या सात महिन्यांतल्या ४७ पैकी १९ दगावले होते. जगभर बोलबाला झाला.

पण तुलना होती आधीच्या रुग्णांशी. एकाच जहाजावरच्या खलाशांसारखी नव्हे.

मग तशी तुलनाही झाली. २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्राझीलमधल्या दोनशेहून जास्त रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यातल्या एका गटाला तेच मिश्रण दिलं होतं. फरक दिसला नाही. २०२२ मध्ये 'लोव्हिट' चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात ८७२ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं होतं. एका गटाला नुसतं 'क' जीवनसत्त्व, दुसऱ्याला औषध नसलेलं द्रावण. २८व्या दिवशी मृत्यू झालेले किंवा अवयव यंत्रा-औषधांच्या आधारावरच असलेले रुग्ण पहिल्या गटात ४४.५ टक्के, दुसऱ्यात ३८.५ टक्के. म्हणजे गुण तर नाहीच, वर नुकसान.

आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेलं माणूस डॉक्टरांना विचारतंच, "देऊन बघा ना, व्हिटॅमिनच तर आहे!" आपणही विचारू. तेव्हा ते ८७२ जण आठवावेत. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी अशाच बाकावर बसून होकार दिला, म्हणून आज डॉक्टर आपल्याला खरं उत्तर देऊ शकतात.

असो. सरबत मात्र चालू ठेवा!